अर्धा किलोमीटर, दोन तास : फोंतेन्हासमधला फोटोवॉक

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत आज किमान तीन कॅमेरे आहेत. त्यातले दोन बहुधा चार्जिंगला लावलेले असतात, ते सोडा. गोवा ट्रिप करून आलेल्या कुठल्याही बॅचचे फोटो उघडा, त्यात एक फोटो हमखास सापडतोच. मागे पिवळीजर्द नाहीतर निळी भिंत, पांढऱ्या पट्ट्याची चौकट असलेली खिडकी, खाली पायरी आणि पायरीवर गॉगल लावून बसलेला आपला हिरो. त्याला विचारा, "जागा कुठली रे?" तो म्हणेल, "पणजीतलं ते पोर्तुगीज टाइपचं आहे ना, तिथलं." मग विचारा, "आणि घर कुणाचं?" इथं गाडी अडते. त्या दारामागे कुणीतरी राहतं, सकाळी दूध तापवतं, दुपारी झोपतं, हे फोटो काढताना त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं.

त्या 'पोर्तुगीज टाइप'च्या भागाचं नाव फोंतेन्हास. पणजीत कुणीही सांगेल. तिथं हल्ली फोटोवॉक निघतात, म्हणजे एक वाटाड्या आणि त्याच्यामागे कॅमेरे घेतलेली आठ-दहा माणसं असा पायी फेरफटका. ही कल्पना जगभर रुळली आहे. अमेरिकन छायाचित्रकार स्कॉट केल्बी यांनी २००८ मध्ये एकाच दिवशी वेगवेगळ्या शहरांत फोटोवॉक काढायची पद्धत सुरू केली, तेव्हापासून तर तिला चांगलंच बळ आलं. गेल्या डिसेंबरात आम्ही कॉलेजचे काही जण असाच एक वॉक करून आलो. त्याचं प्रवासवर्णन मी लिहिणार नाही. 'पहाटे साडेपाचला बस सुटली आणि अंताक्षरी सुरू झाली' हे वाक्य आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी छापून येतंच! इथं लिहितोय ते त्या दोन तासांत काय शिकता येतं याबद्दल. त्यातलं बरंचसं आपल्या फर्स्ट इयरच्या सिलॅबसमधलंच निघालं, ही गंमत.

आधी जागेची ओळख. पणजी हे मुळात मांडवीकाठचं लहानसं गाव. पोर्तुगीजांची राजधानी होती ती आज आपण ज्याला ओल्ड गोवा म्हणतो तिथं. साथीच्या रोगांनी ते शहर पोखरलं, लोक उठून जाऊ लागले, आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयनं आपला मुक्काम पणजीतल्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला. पुढं १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' या नावानं पणजी रीतसर राजधानी झाली. फोंतेन्हासची वस्ती याच स्थित्यंतरातली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियो जुआंव द सिकैरा नावाचा एक गृहस्थ इथं आला. त्यानं मोझांबिकमध्ये पैसा मिळवला होता, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. त्यानं टेकडी आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात माडांची बाग लावली, आणि पुढं त्या बागेच्या जागी घरं आली. फोंते म्हणजे झरा. टेकडीच्या पायथ्याला, मळा भागात, फोंते फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून वस्तीला नाव पडलं. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. गल्ल्यांची नावं मात्र राहिली, रुआ ३१ द जानेरो, रुआ द नाताल, अशी.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरेम खाडी, मधे ही वस्ती. मुख्य गल्ली साधारण दक्षिणोत्तर, खाडीला समांतर जाते, आणि तिला आडव्या बोळांनी छेद दिलाय. एवढं कळलं की अर्धा फोटोवॉक तिथंच झाला, कारण या तीन गोष्टींवरून कुठं किती वाजता ऊन असेल ते खोलीत बसून सांगता येतं.

सकाळी सूर्य खाडीच्या बाजूनं येतो. त्या बाजूला पाणी आणि मोकळी जागा, त्यामुळे खाडीकाठच्या रस्त्यावरच्या पूर्वाभिमुख घरांवर ऊन पहिल्यांदा पडतं. मग ते आडव्या बोळांतून सरळ आत शिरतं, बॅटरीचा झोत नळीत टाकावा तसं. मुख्य गल्लीत ते उशिरा उतरतं, आधी वरच्या मजल्याच्या खिडक्या, मग हळूहळू खाली. संध्याकाळी उलटा प्रकार. सूर्य आल्तिनोमागे जातो आणि घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी वस्ती सावलीत येते. म्हणून कडक सावल्या, उजेडाचे पट्टे, भिंतींचा पोत हवा असेल तर सकाळी सात ते साडेनऊ. माणसांचे चेहरे, मऊ उजेड हवा असेल तर दुपार कलल्यावर. 'गोल्डन अवर, गोल्डन अवर' असा जप करत संध्याकाळी सहाला तिथं पोचलात तर सोनं टेकडीपलीकडे पडलेलं असेल.

भर दुपारचं गणित तर अगदी करून बघण्यासारखं आहे. पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ साडेतेवीस अंशांवर असतो. म्हणजे माध्यान्हीला त्याची उंची नव्वद वजा साडेपंधरा वजा साडेतेवीस, सुमारे ५१ अंश, आणि तो दक्षिणेला. आता एक पूर्व-पश्चिम बोळ घ्या. तो ४ मीटर रुंद आणि दोन्हीकडची घरं ७ मीटर उंच धरा. (टेप लावून मोजलेली नाहीत, गणितापुरती धरली आहेत.) ५१ अंशांचा टॅन्जंट सव्वाच्या आसपास. बोळ ओलांडेपर्यंत सूर्यकिरण ४ गुणिले सव्वा, म्हणजे जवळपास ५ मीटर खाली उतरतो. ७ मधून ५ गेले, उरले २. याचा अर्थ दक्षिणेकडच्या घराची सावली अख्खा बोळ व्यापते आणि समोरच्या भिंतीवर २ मीटरपर्यंत चढते. त्याच्या वर लख्ख ऊन! बोळात उभा असलेला आपला मित्र पूर्ण सावलीत आणि त्याच्या डोक्यावरची बाल्कनी भर उन्हात. त्याच्या चेहऱ्याला एक्स्पोजर जुळवलं की बाल्कनी पांढरीफटक, आणि बाल्कनीला जुळवलं की मित्र कोळसा. फोनमधलं एचडीआर हे भांडण मिटवायला बघतं, पण मग चित्र सपाट दिसतं, ऊन आणि सावली यांतला फरकच नाहीसा होतो. याच बोळात मेच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि सावली पायाखाली गोळा होते. त्या उन्हात कुणी फिरू नये ही गोष्ट वेगळी.

असं गणित आधी मांडलेलं असलं की पुढचा निर्णय सोपा. एक तर मित्राला आणि बाल्कनीला एका चौकटीत घ्यायचंच नाही. किंवा मुद्दाम बाल्कनी धरायची आणि खालचा माणूस काळ्या आकृतीसारखा जाऊ द्यायचा. तिसरा पर्याय, वीस मिनिटं थांबायचं. फोटोवॉकमध्ये सगळ्यात अवघड काम हेच, थांबणं. आमच्या वाटाड्यानं पहिली वीस मिनिटं कॅमेरे पिशवीतून काढूच दिले नाहीत. "नुसतं चाला, ऊन कुठं आहे ते बोटानं दाखवा," एवढंच. सुरुवातीला चुळबुळ झाली, पण दहा मिनिटांनी सगळे भिंतींकडे बघायला लागले.

आणखी एक प्रयोग, जो कुणालाही करता येईल. असाइनमेंटचा एक कोरा ए-फोर कागद बरोबर न्यायचा. तो पिवळ्या भिंतीसमोर, सावलीत धरा आणि फोटो काढा. मग निळ्या भिंतीसमोर. मग खाडीकाठी उन्हात. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की एकच कागद तीन रंगांचा दिसतो. उन्हातली पिवळी भिंत ही एक मोठी पिवळी रिफ्लेक्टर असते. तिच्यावरून उडालेला उजेड समोरच्या सावलीतल्या माणसाच्या गालावर पडतो, आणि कावीळ झाल्यासारखा फोटो येतो. निळ्या भिंतीसमोर चेहरा मलूल दिसतो. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत मुळातच निळसर झाक असते, कारण तिथं उजेड सूर्याचा नाही, आभाळाचा असतो. आपला मेंदू हे सगळं दुरुस्त करून बघतो, म्हणून जागेवर जाणवत नाही. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स कधी दुरुस्त करतं, कधी बिघडवतं. त्या कागदावर एकदा व्हाइट बॅलन्स जुळवून घेतलं की झालं. कागद फुकट, आणि एरवी त्याचा एवढा उपयोग सबमिशनला तरी कुठं होतो!

रंगांचा विषय निघालाच आहे तर ते आले कुठून हेही पाहू. गोव्यात बांधकाम जांभ्याचं. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड, आणि इथला पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. म्हणून भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, गिलाव्यावर चुन्याचा हात हवा, आणि तो दर पावसाळ्यानंतर नव्यानं द्यायला हवा. चुन्यात गेरू, पिवळी माती, नीळ मिसळली की ते रंग तयार होतात. पोर्तुगीज काळात पावसाळ्यानंतर घर रंगवणं सक्तीचं होतं, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता, असं तिथं सगळेच सांगतात. घरांच्या खिडक्यांभोवती आणि कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या दिसतात, पण अख्खं पांढरं दिसतं ते सेंट सेबास्टियन चॅपेल. १८१८ मध्ये बांधलेलं हे चॅपेल लहानसंच आहे. आतला क्रूस ओल्ड गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला असं सांगतात. त्यावरचा ख्रिस्त मान खाली टाकलेला नाही, डोळे उघडे ठेवून समोर बघतोय. गोव्यात धर्मसत्तेचं हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्या नजरेसमोर ज्यांच्या चौकश्या झाल्या असतील त्यांचा विचार मनात आला की तिथं कॅमेरा वर उचलायला हात जरा कचरतो. आत फोटो काढायचा तर विचारून, आणि प्रार्थना चालू असेल तर अजिबात नाही.

तांत्रिक बाजूनंही चॅपेल हा चांगला धडा आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतं. रंगीत घरांवर हे साधारण खपून जातं. पांढऱ्या चॅपेलसमोर मात्र ते फसतं आणि पांढऱ्याचं करडं करून ठेवतं. तिथं एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं. उलट काळोख्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ते भाजून काढतं, तिथं कमी करायचं. फोनवर बोटानं सूर्याचं चिन्ह वर-खाली करता येतं, तेच हे.

आता पोपडे. फोटोग्राफर मंडळींना पोपडे आलेली भिंत म्हणजे जीव की प्राण. 'टेक्श्चर', 'कॅरॅक्टर', काय काय म्हणतात. सिव्हिलवाल्या मित्रांना तीच भिंत दाखवली तर ते दुसरंच वाचतील. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पोपडे असतील तर खालून ओल चढतेय. ओलीबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यातच राहतात आणि तो फोडून काढतात. वरच्या कोपऱ्यात डाग असेल तर कौल सरकलंय नाहीतर पन्हळ तुंबलंय. चुन्याऐवजी वर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट मारला असेल तर आतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि रंग फुग्यासारखा सुटतो. म्हणजे ज्या भिंतीवर आपण खूष होतो ती घरमालकाच्या दृष्टीनं एका मोठ्या खर्चाची नोटीस असते. आणि शेजारची ताजी, गुळगुळीत, 'फोटोजेनिक नाही' म्हणून आपण सोडून दिलेली भिंत ही कुणीतरी तो खर्च केल्याची पावती. दोन्हींचे फोटो काढावेत. माझ्या मते तर रंगकाम चालू असलेलं घर हा तिथला सगळ्यात चांगला विषय आहे, शिडी, चुन्याची बादली आणि अर्धी नवी, अर्धी जुनी भिंत. असा फोटो इंटरनेटवर फारसा दिसत नाही.

आमच्या वॉकमध्ये एका घरासमोर सगळ्यांनी पोपड्यांवर मॅक्रो लेन्स रोखल्या होत्या. खिडकीतून एक आजी बघत होत्या. शेवटी त्यांनी वाटाड्याला कोकणीत विचारलं की ही मुलं आमच्या भिंतीत एवढं काय बघताहेत. त्यानं सांगितलं, इंजिनियरिंगची मुलं आहेत. आजींचा चेहरा खुलला, आणि दुरुस्तीचा अंदाज काढायला आलोत अशा समजुतीनं त्यांनी आम्हाला मागच्या बाजूची भिंतही दाखवायची तयारी दाखवली! आमच्यातल्या थर्ड इयर सिव्हिलच्या एकानं खरोखरच बसून त्यांना ओल कुठून येतेय ते समजावलं. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात त्यांच्या हॉलमधली शिंपल्यांची खिडकी आतून बघायला मिळाली. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा पातळ, चपट्या शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून अशा खिडक्या करत. बाहेरून त्या राखाडी, मळकट दिसतात. आतून पाहिल्या तर दुधी, मऊ उजेड. स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स वेगळं काय करतो? रस्त्यावरून कितीही फोटो काढले असते तरी हे कळलं नसतं.

इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या तासाला ज्यांनी मान टाकली असेल त्यांना या गल्लीत व्हॅनिशिंग पॉइंट भेटतो. फोन हातात घेऊन वर तोंड केलं की घरं मागं कलंडल्यासारखी दिसतात. सेन्सर उभा, भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकायला लागतात, एवढंच त्याचं कारण. उपाय म्हणजे मागं सरका आणि फोन ताठ धरा, खालचा नको असलेला रस्ता नंतर कापा. पण चार मीटरच्या गल्लीत मागं सरकणार किती? म्हणून उंची शोधायची. आल्तिनोच्या उतारावर चढून जाणाऱ्या पायऱ्या आहेत, मळ्याच्या बाजूला टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे. तिथून खाली पाहिलं की कौलांचे उतार एकावर एक रचल्यासारखे दिसतात, मधूनच एखादा कोंबडा. खरा नव्हे, छपरावर बसवलेला मातीचा. वरून एक गोष्ट लगेच लक्षात येते. 'पोर्तुगीज' म्हणून ज्याची जाहिरात होते त्या वस्तीला लागूनच देवळाची घंटा वाजते, मारुतीची जत्रा भरते. एकाच फ्रेममध्ये देऊळ आणि ती कौलं बसवता आली तर बघा. आमच्यापैकी कुणाला नीट जमलं नाही, मधे एक पाण्याची टाकी येते.

आता खरा अवघड भाग, माणसं. फोंतेन्हासमध्ये बऱ्याच घरांवर पाट्या दिसतात की ही खाजगी मालमत्ता आहे, फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका. त्या उगाच लागलेल्या नाहीत. लग्नाआधीचे शूट, कपड्यांचे शूट, रील, आणि आपल्यासारख्या ट्रिपा. पहाटेपासून दाराशी कोणीतरी 'अजून एक, अजून एक' ओरडत असेल तर कुणाचंही डोकं फिरेल. आपल्या रेक्टर सरांच्या दारात रोज शंभर माणसं पोझ देऊन गेली तर काय होईल याची कल्पना करा. गोव्यात हा प्रश्न पणजीपुरता नाही. बार्देशातल्या पर्रा गावचा माडांच्या रांगांमधला रस्ता सिनेमामुळे प्रसिद्ध झाला, आणि २०१९ मध्ये तिथल्या पंचायतीनं फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. देशभर त्यावर टीका आणि थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी त्या रस्त्याकडेच्या कचऱ्याबद्दल आणि खोळंबलेल्या गाड्यांबद्दल काही विचार केला असेल असं वाटत नाही. पैसे आकारणं हा उपाय मला पटत नाही, कारण पैसे भरले की माणसाला वाटतं आता हक्क मिळाला. पण मूळ तक्रार खरी आहे.

"रस्ता सार्वजनिक आहे, मी रस्त्यावर उभा आहे, मला कोण अडवणार?" हा युक्तिवाद आमच्या गटातही झाला. रस्त्यावर उभं राहता येतं हे बरोबर. पण अशा गल्लीत रस्ता आणि घर यांच्यात एक पायरी आणि एक पडदा एवढंच अंतर असतं. उघड्या खिडकीतून लेन्स आत गेली की आपण रस्त्यावर नसतो, त्यांच्या स्वयंपाकघरात असतो.

वाटाड्याचं महत्त्व इथं कळतं. कुठून फोटो छान येतो हे सांगायला माणूस लागत नाही, ते फोनवरही मिळतं. कुठल्या घरात आजारपण आहे, कुठल्या आजोबांना गप्पा मारायला आवडतात, कोण मागच्या आठवड्यातच कुणाशी तरी भांडलंय, कोणत्या वेळी शाळेची मुलं निघतात, हे स्थानिक माणसालाच ठाऊक असतं. चांगला वाटाड्या एका गटात दहाच्या वर माणसं घेत नाही. तो एका दारासमोर गटाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबू देत नाही, आणि एकाच घराचे फोटो दहाही जणांनी काढावेत असा आग्रह धरत नाही. आमचा तर दोघादोघांच्या जोड्या करून वेगवेगळ्या बोळांत सोडायचा आणि चौकात परत भेटायचा. दहा जणांचं टोळकं अंगावर येतं, दोन जण आले तर पाहुणे वाटतात. आपल्या क्लबनं कुठंही वॉक काढला, मग ते गाव कोकणातलं असो की घाटावरचं, तर निदान एवढं तरी उचलावं.

विचारायचं कसं? कॅमेरा खाली ठेवून, डोळ्यांत बघून. "फोटो काडल्यार चलता?" एवढं कोकणी तोंडपाठ करा. मराठीही समजतं, पण त्यांच्या भाषेतून प्रश्न आला की उत्तर देणाऱ्याचा सूर बदलतो. नाही म्हणाले तर हसून पुढं जायचं, हो म्हणाले तर शेवटी "देव बरें करूं". सकाळी सायकलवर पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत येतो. त्याचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, पण तो धंद्यावर असतो. आधी चार पोई विकत घ्या, मग विचारा. पोई गरम असताना खायची, फोटो गार झाल्यावरही बघता येतो. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोतच, वाळत घातलेल्या कपड्यांचेही नकोत. आणि दारावरचा क्रमांक, गाडीची नंबर प्लेट, घराचं नाव असलेली निळ्या-पांढऱ्या टाइलवरची पाटी ओळखू येईल असा फोटो सगळ्या जगाला दाखवण्याआधी त्या घराला विचारलेलं बरं.

फोटोंची संख्या हा आणखी एक मुद्दा. आपल्या काही सरांच्या पिढीनं ३६ फ्रेमच्या रोलवर फोटोग्राफी शिकली, बटण दाबताना पैसे आठवायचे. आमच्या वाटाड्यानं घातलेली अट होती, शेवटी प्रत्येकानं पाचच फोटो दाखवायचे, आणि प्रत्येकाखाली गल्लीचं नाव, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहायचं. हे दिशेचं प्रकरण सुरुवातीला फाजील वाटलं. पण पॅरिसचा यूजेन आत्जे आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ मध्ये मरेपर्यंत तो जड लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानं, जिने, दारं टिपत राहिला, आणि चित्रकारांना संदर्भासाठी फोटो विकून पोट भरलं. आज त्या चित्रांना कलेच्या इतिहासात मान आहे, पण त्यांचा पहिला उपयोग म्हणजे पाडली गेलेली, बदललेली गल्ली कशी होती ते कळणं. फोंतेन्हासमध्येही घरांची हॉटेलं, कॅफे, दुकानं होताहेत. त्यातल्या काहींची निगा उत्तम राखली जाते हेही खरं. पण आज राहतं असलेलं घर वीस वर्षांनी कसं होतं हे सांगणारा फोटो गॉगलवाल्या हिरोच्या मागे अर्धवट झाकलेला असेल तर त्याचा उपयोग काय?

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. कोकण रेल्वेनं करमळी स्टेशनला उतरून पणजीला यायचं. बसनं आलात तर कदंब बसस्टँड पाटोला, खाडीच्या पलीकडच्या काठाला आहे, तिथून पायी चालत फोंतेन्हास गाठता येतं. कार्निव्हलचे दिवस टाळा, गल्ली दिसणारच नाही, माणसंच दिसतील. पावसाळ्यात जायला हरकत नाही, ओल्या भिंतींचे रंग गडद दिसतात. फक्त लेन्स पुसायला सुती रुमाल आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी हवी. ट्रायपॉड नेऊ नका, तेवढ्या रस्त्यात तो पसरला की स्कूटर अडते. वॉक संपल्यावर पाटोला कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जरूर जा. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था, आणि तिथं गोव्याच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. आपण सकाळी पाहिलेल्या रस्त्यांबद्दल दुपारी पंख्याखाली बसून वाचण्यात वेगळीच मजा आहे.

ज्यांनी फोटो काढू दिला त्यांना प्रिंट पाठवायची. परवानगी विचारतानाच पत्ता लिहून घ्यायचा आणि परत आल्यावर आठ दिवसांत पोस्टात टाकायची, नाहीतर सेमिस्टर सुरू होतं आणि राहून जातं. आम्ही अकरा प्रिंट पाठवल्या, त्यातल्या दोन त्या आजींना, एक त्यांची आणि एक मागच्या भिंतीची. प्रिंटच्या पाठीमागे तारीख घालायची ती मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो.